‘त्याला माणसं जोडलेली लागतात’ : एका कमेंटला सविस्तर उत्तर

शेडवरच्या माझ्या मागच्या लेखाखाली एका दादांची कमेंट आलीय. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, घरामागं पिकअप लावायला शेड करतोय, स्क्वेअर पाईपच्या तीन बाजूंच्या फ्रेमा जमिनीवर आडव्या ठेवून वेल्डिंग केल्या आणि ट्रॅक्टरच्या लोडरनं (पुढं बसवलेले बकेटचे हात, होज म्हणजे जाड नळ्यांतल्या तेलाच्या दाबावर चालतात) एकट्यानं उभ्या केल्या, ते कसं केलं हे फोटोसकट लिहिलं होतं. त्यावर दादा लिहितात:

“फोटो बघून धडकी भरली. लोडर म्हणजे क्रेन नव्हे. होज फुटला की काय होतं माहीत आहे का? सीटवरून उतरल्यावर हायड्रॉलिक कोण बघतं? वारा आला तर? चार माणसं बोलावली असती तर अर्ध्या तासात काम झालं असतं, पण त्याला माणसं जोडलेली लागतात. मी पंधरा वर्षं साईटवर आहे. लोकांना चुकीचं शिकवू नका.”

खालीच दोन ओळीत उत्तर देणार होतो, पण लिहिता लिहिता वाढत गेलं म्हणून इथं टाकतोय.

पहिलं म्हणजे दादा, ही बोलायची पद्धत नाही. तुम्हाला शंका होती तर विचारायचं, मी प्रत्येकाला उत्तर देतो, रात्री अकरा वाजता सुद्धा देतो, लोक फोटो पाठवून विचारतात की खांबाखालची बेस प्लेट किती जाडीची घेऊ आणि मी सांगतो. पण सुरुवातच ‘धडकी भरली’ आणि शेवट ‘चुकीचं शिकवू नका’, मधे एक सुद्धा प्रश्न असा नाही की ज्याला उत्तर पाहिजे आहे. सगळे प्रश्न ऐकवायला टाकलेत. तुम्ही लेख पूर्ण वाचला का हे मला माहीत नाही पण वाचला असता तर निम्मे प्रश्न पडलेच नसते.

आता ते वाक्य. ‘त्याला माणसं जोडलेली लागतात.’

हे मला लागलं, सरळ सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा ह्याच ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून आम्ही म्हातारी माणसं, पोरं, शेरडं बाहेर काढली, आणि पाणी उतरल्यावर गाळ उपसायला ज्यांच्या घरात मी गेलो ते माझ्या घरात आले, कुणी कुणाला बोलवायला गेलं नव्हतं. २००५ ला लहान होतो तरी वडलांच्या मागं दोर धरून उभा होतो. २०२१ ला परत तेच. पलूस तालुक्यात कृष्णाकाठी राहणाऱ्या माणसाला ‘तुझ्याकडं माणसं नाहीत’ असं म्हणताना थोडा विचार करायला पाहिजे होता. माझ्या एका हाकेवर आत्ता दहा जण येतील. मी हाक मारली नाही, एवढंच.

आणि का नाही मारली ते पण ऐका. काम फेब्रुवारीत केलं. फेब्रुवारीत आमच्याकडं द्राक्षाची काढणी चालू असते, उसाची तोड चालू असते, ज्याची बाग आहे तो व्यापाऱ्याच्या मागं आणि ज्याची नाही तो मजुरीला. एप्रिल लागला की वेलींची खरड छाटणी आणि बेदाण्याची गडबड, आणि मग वळीव सुरू होतो, वळवाच्या वाऱ्यात अर्धवट शेड ठेवणं म्हणजे आपणहून संकट बोलावणं. म्हणजे फेब्रुवारीतच उभं करायचं होतं आणि फेब्रुवारीतच माणसाचा दिवस मोडायचा नव्हता. पैरा, म्हणजे कामाला आलेल्याच्या कामाला जाऊन परतफेड, फेडायला मला कधी कंटाळा आला नाही, पण शेजाऱ्याची द्राक्षं वेलीवर असताना त्याला माझ्या पाईपा धरायला बोलवायचं हे मला जमत नाही.

पण हे सगळं बाजूला ठेवा. समजा चारी जण मोकळे असते, चहा पिऊन दारात बसलेले असते, तरी मी ह्या फ्रेमा त्यांच्याकडून उचलून घेतल्या नसत्या. लेखात हे मी लिहिलं होतं पण आता नीट फोडून लिहितो.

फ्रेम २० फूट लांब, ८ फूट उंच. वरची, खालची आणि मधली अशा तीन आडव्या, आणि दर ४ फुटांवर एक असे सहा उभे पाईप. ५० बाय ५० चा पाईप, २.६ मिलिमीटर जाडीचा, मीटरला पावणेचार किलोच्या थोडं वर वजन बसतं. सगळे मिळून १०८ फूट पाईप म्हणजे जवळपास ३३ मीटर, सव्वाशे किलोच्या आसपास फ्रेम. खालची कड जमिनीला टेकलेली असताना वरच्या कडेला धरून उचललं तर हातात निम्मंच वजन येतं, ६३-६४ किलो. चार माणसात वाटलं तर प्रत्येकी १६ किलो. चार माणसं हे उचलतील ह्यात वादच नाही, तुमचं बरोबर आहे. वजनाचा प्रश्न नाहीच इथं. प्रश्न आहे ती चार माणसं कुठं उभी असतात.

ती फ्रेमच्या खाली असतात. डोक्याच्या उंचीपर्यंत हातानं वर नेतात आणि तिथून पुढं आत चालत जाऊन ढकलायचं, किंवा बांबू लावून रेटायचं. ह्या टप्प्याला चौघांचं लक्ष एकमेकांकडं असतं, एकाचा पाय मुरमात घसरला, एकानं बांबू बदलायला हात सोडला, की फ्रेम पिरगळते आणि उरलेल्या तिघांना ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. दुसरं, सगळेजण पुढं रेटतात तेव्हा खालची कड पण पुढं सरकते. खाली कुणीतरी पहार लावून बसलेला असतो त्याच्यावर सगळा भरवसा.

हे मी कुठं वाचलेलं नाही. माझ्या चुलत्यांच्या खांद्याचं हाड बेदाण्याच्या शेडची फ्रेम उभी करताना मोडलं, मी तिथं होतो, कॉलेजला होतो तेव्हा, आणि दोर माझ्याच हातात होता. चार नाही, सहा माणसं होती. सगळी जोडलेली, घरचीच. खालची कड सरकली, वरचे दोघं बाजूला उडी मारून सुटले, चुलते मधे होते त्यांना बाजू नव्हती. पुढं द्राक्षाच्या छाटणीला त्यांचा तो हात कधी वर गेला नाही. ‘अर्ध्या तासात काम झालं असतं’ असं तुम्ही लिहिता तेव्हा मला तो अर्धा तास आठवतो.

लोडरनं उचलताना फ्रेमखाली एक पण माणूस नसतो. मला त्या लेखात सांगायचं होतं ते हेच, बाकी सगळं त्याच्या भोवतीनं आहे.

खालच्या कडेला बिजागऱ्या वेल्ड केल्या आणि त्या फाउंडेशन बोल्टवर बसवलेल्या प्लेटांना धरल्या, म्हणजे कड सरकायचा प्रश्न मिटला, ती फक्त फिरू शकते. ट्रॅक्टर आतल्या बाजूला, फ्रेमच्या डोक्याकडं तोंड करून. बकेटला हूक, हुकातून आखूड साखळ्या वरच्या पाईपला, दोन ठिकाणी. लोडर वर घेत जायचं आणि लो गिअरमध्ये थोडं थोडं पुढं सरकायचं, कारण फ्रेमचं डोकं जसं वर जातं तसं ते बिजागरीकडं पण जातं. नुसतंच वर ओढत बसलं तर साखळी तिरकी होते आणि बिजागरीवर ताण येतो. मागं रोटाव्हेटर जोडलेला, पुढच्या वजनाला तोल म्हणून, खरं तर ६०-६५ किलोसाठी त्याची सुद्धा गरज नव्हती पण मी जोडला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फ्रेम उभी झाली की ती बाहेरच्या बाजूला पलटी होऊ शकते, साखळी ढिली असते तेव्हा ती काही धरत नाही. त्यासाठी आतल्या बाजूला दोन मेखा, बिजागरीपासून ६ फुटांवर, आणि तिथून फ्रेमच्या डोक्यापर्यंत आधीच मापून लावलेली साखळी. ६ आणि ८ ला १०, गवंडी गुण्या म्हणजे काटकोन काढायला ३-४-५ धरतो तेच. १० फुटाची साखळी लावली की फ्रेम ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभी, येते तेव्हाच साखळी ताणते आणि पुढं जाऊ देत नाही. नायलॉनचा दोर लावू नका, तो ताणतो, पहिल्या लेखात पण लिहिलंय. तिरके टेके आधीच वर एका बोल्टनं अडकवलेले असतात, फ्रेमबरोबर ओढत येतात, उभी झाली की खाली मेखेला बांधायचे. मग ओळंबा, मग बेस प्लेट वेल्डिंग, मग बिजागऱ्या कापून टाकायच्या.

होज फुटला तर? तर बकेट खाली येईल आणि फ्रेम जिथून उठली त्याच मोकळ्या मुरमावर आडवी होईल, पाईप वाकेल, परत सरळ करू. माझी सीट बकेटच्या बरीच मागं असते, फ्रेमचं डोकं बकेटलाच बांधलेलं असतं, ते माझ्यापर्यंत येत नाही. सीटवरून उतरलो तेव्हा हायड्रॉलिक कोण बघतं, तर तेव्हा फ्रेम ओळंब्यात उभी असते, हायड्रॉलिकवर काही वजनच नसतं, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. एकटाच होतो म्हणावं तर मोबाईल खिशात होता आणि बायको घरात होती. ह्याच्यावर ह्याहून जास्त लिहिण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

वाऱ्याचं मात्र सांगतो कारण ते नव्या माणसाच्या कामाचं आहे. ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या उगीच उभ्या नाहीत, आपल्या जिल्ह्यात वारा आहेच. पण उघड्या फ्रेमला वारा धरायला जागा किती, पाईपांच्या कडा तेवढ्या. हीच फ्रेम पत्रा मारून उभी करायला गेलात तर १६० चौरस फुटाचं शीड होतं, ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्याला त्याच्यावर नव्वद किलोच्या वर जोर येतो, म्हणजे फ्रेम उचलायला लागतो त्यापेक्षा जास्त. म्हणून पत्रा नेहमी नंतर, टेके पक्के झाल्यावर. आणि काम सकाळी, वारा पडलेला असताना. आणि वरून लाईटची तार जात असेल तर हा विषयच सोडून द्या, लोडर पण नको आणि चार माणसं पण नकोत.

एक गोष्ट तुमची न विचारता मान्य करतो, तिसऱ्या फोटोत माझ्या पायात चप्पल दिसते. बूट पाहिजेत. तो फोटो बदलतो. तुम्ही हे लिहिलं नाही पण लिहायला पाहिजे होतं, खऱ्या साईटवरच्या माणसाला ते आधी दिसलं असतं.

आणि पंधरा वर्षांचं म्हणाल तर दादा, वर्षं आमच्याकडं पण आहेत. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर कारखाना काढला, लोखंडी नांगर तिथं तयार झाले, त्या किर्लोस्करवाडीत माझे वडील फिटर म्हणून रिटायर झाले. आमच्या घरी जेवताना सुद्धा मापाची चर्चा व्हायची. वडील एकच विचारायचे, सुटलं तर कुठं पडेल? जड आहे का, किती माणसं आहेत, हे नंतर. मी आयुष्यभर हेच बघून काम केलंय आणि तेच लिहिलंय, आणि त्याला कुणी न वाचता ‘चुकीचं शिकवणं’ म्हणत असेल तर मला राग येणार. तुमची साईट कुठली, तिथं फ्रेमखाली किती माणसं उभी करता, हे पण एकदा लिहा, बघू आम्ही.

तुमची कमेंट काढणार नाही, राहू दे. खाली बाकीच्यांनी तुम्हाला जे लिहिलंय त्यातलं एक मी काढलं, कारण घरच्यांवर जाऊन लिहिलेलं मला चालत नाही, कुणाच्याच.

कैच्यांचं, म्हणजे छपराच्या पत्र्याखालच्या त्रिकोणी फ्रेमांचं, काहीजणांनी विचारलंय. त्या ८ फुटांच्या वर चढवायच्या आहेत, तिथं माझा लोडर पोचत नाही, त्यामुळं त्याला हायड्रा (चाकांवरची क्रेन) बोलावणार आहे. हे लेखात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आधीपासून लिहिलेलं आहे, तुमच्या कमेंटनंतर घातलेलं नाही, तारीख बघून घ्या.