लूप खरंच सरकतो का? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. काही पदार्थ क्षेत्र न लावता थंड केले तरी त्यांचा हिस्टेरेसिस लूप (चुंबकीय क्षेत्र पुढे-मागे नेताना पदार्थाच्या चुंबकत्वाचा आलेख जे बंद वळण काढतो ते) एका बाजूला सरकतो; याला स्पॉन्टेनियस एक्स्चेंज बायस म्हणतात. त्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: शून्य चुंबकीय क्षेत्रात थंड केलेल्या नमुन्याला डावं-उजवं कळणारच कसं? तेव्हा त्याचा हिस्टेरेसिस लूप एका बाजूला सरकलेला दिसत असेल, तर ती करामत मॅग्नेटमध्ये उरलेल्या क्षेत्राची, नाहीतर लूप अर्धवट, म्हणजे पुरेसं मोठं क्षेत्र न लावता, मोजल्याची. आक्षेप वजनदार आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मिकलजॉन आणि बीन यांनी 1956 साली कोबाल्ट-कोबाल्ट ऑक्साइडच्या कणांत जो एक्स्चेंज बायस, म्हणजे लूपचं असं सरकणं, दाखवला, त्यात दिशा ठरते ती थंड करताना लावलेल्या क्षेत्राने. स्पॉन्टेनियस प्रकारात ती ठरते थंड झाल्यावर लावलेल्या पहिल्या क्षेत्राने. निकेल-मँगनीज-इंडियम मिश्रधातूवरच्या 2011 च्या शोधनिबंधात हेच सुचवलं आहे. पहिल्यांदा क्षेत्र वाढवताना फेरोमॅग्नेटिक पुंजके (जिथे शेजारचे अणुचुंबक एकाच दिशेला असतात) वाढतात, अँटिफेरोमॅग्नेटिक भागाशी (जिथे ते आलटून-पालटून उलट असतात) त्यांची नवी सीमा तयार होते आणि तिथले स्पिन, म्हणजे हे अणुचुंबक, अडकून बसतात. दिशा नमुन्याला आधी ठाऊक नसतेच, ती आपण देतो.

आता उरलेलं क्षेत्र. सुपरकंडक्टिंग मॅग्नेट शून्यावर आणला तरी त्यात वीस-तीस एर्स्टेड (चुंबकीय क्षेत्राचं एकक) सहज उरतात, आणि तेवढ्यात थंड झाल्यानेही बायस बसू शकतो. म्हणून नमुना तापवून, त्याच पद्धतीने पुन्हा थंड करून लूप दोनदा घ्यायचा: एकदा धन क्षेत्रापासून सुरुवात, एकदा ऋण. दोष उरलेल्या क्षेत्राचा असेल तर लूप दोन्ही वेळा एकाच बाजूला सरकतो. स्पॉन्टेनियस बायस बाजू बदलतो, आणि सरकतो जवळजवळ तेवढाच.

अर्धवट लूपचा तुमचा मुद्दा मात्र याहून अवघड आहे, कारण अर्धवट लूपही सुरुवात बदलली की बाजू बदलतो! वरची चाचणी तिथे काहीच सांगत नाही. तिथे लूपची टोकं बघावी लागतात. जाणारी आणि येणारी रेषा कमाल क्षेत्राच्या बऱ्याच आधी एकमेकींत मिसळल्या आहेत का? नसतील तर कमाल क्षेत्र वाढवायचं. सरकणं नाहीसं झालं तर तो बायस नव्हताच. लूप उभ्या दिशेनेही सरकलेला असेल तर संशय आणखी वाढतो.

आयआयटी खरगपूरच्या गटाने लँथनम-स्ट्रॉन्शियम-कोबाल्ट-मँगनीज ऑक्साइडमध्ये 0.65 टेस्ला, म्हणजे 6500 एर्स्टेड इतकं सरकणं नोंदवलं आहे. नुसत्या आकड्याचा मोठेपणा हा पुरावा नव्हे, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. एकाच बाजूने सुरू केलेला, टोकं न मिटलेला लूप कुणी पुढे केला तर मीही तो स्वीकारणार नाही.