पायऱ्या किती दिसतात?

घरच्या ग्रुपवर आठवडाभर समुद्राला अडवणाऱ्या भिंतीवरून जुंपली आहे. काका म्हणतात, मालाडच्या अक्सा चौपाटीला बांधली तशी भिंत दादरला बांधा, नाहीतर समुद्र एक दिवस शिवाजी पार्कात शिरेल. त्यावर त्यांचीच मुलगी सुनावते, की अक्साचं प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. भिंतीवर आपटलेली लाट परत फिरताना पायथ्याची वाळू ओढून नेते. तिचं बरोबर आहे. पण ‘मग दादरला करायचं काय?’ यावर तीही गप्प.

मी राहतो वर्दिंगला, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर. आई आली तेव्हा तिने समुद्रावर हौसेने चप्पल काढली आणि लगेच घातली. “ही कसली चौपाटी, खडी टाकलीय नुसती!” वर गोटे, ओहोटीला खाली वाळू. मधे समुद्राच्या दिशेने गेलेले लाकडी बंधारे. त्यांच्या पश्चिमेला गोटे काठोकाठ, पूर्वेला उतरायचं तर उडीच मारावी लागते, कारण लाटा सगळा माल पूर्वेकडे ढकलतात.

असा मिसळीचा किनारा पुढे कसा वागेल, हे सांगणं भल्याभल्यांना जड जातं. नुसते गोटे असले तर लाटेचं पाणी फटींत जिरतं, परतताना जोर उरत नाही. वाळू साधारण एकतृतीयांश झाली की फटी बुजतात, आणि दिसायला गोट्यांचा असलेला किनारा वाळूसारखा वागू लागतो. बाहेरून भराव आणून टाकला तर कधी त्याला चक्क उभा कडा पडतो.

म्हणून इथे किनारा मोजतात. आग्नेय इंग्लंडात २००२ पासून ठरलेल्या रेषांवर, वादळानंतर पुन्हा. आकडे कुणालाही फुकट. बाकी त्यांची नक्कल नको. याच किनाऱ्यावरच्या पेव्हेन्सीला वाहून गेलेले गोटे ट्रकने परत आणून टाकतात, तो खर्च त्यांनाच लखलाभ.

दादरच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा, मधेच काळा कातळ. पावसाळ्यात पुळण उतरते, हिवाळ्यात भरते. काकांनी टाकलेला फोटो जुलैचा, बहिणीचा जानेवारीचा. दोघंही खोटं बोलत नाहीत. एकाच खुणेवरून, पावसाळ्याआधी आणि नंतर, दहा वर्षं मोजल्याशिवाय भिंत हवी की नको हे मी तरी सांगणार नाही. काकांना हे पळपुटेपणाचं वाटतं.

आईने काल फोनवर सांगितलं, दादरला गल्लीच्या टोकाच्या, समुद्रावर उतरणाऱ्या पायऱ्यांपैकी सध्या पाच वाळूवर दिसतात. दिवाळीत पुन्हा मोज, म्हटलं.