मेगा मॅन २ ला पहिला नंबर देणाऱ्यांनो, ती खोली आठवते का?

आज परत एक यादी समोर आली. मेगा मॅन या व्हिडिओ गेम मालिकेचे अकरा भाग, चांगल्यापासून वाईटापर्यंत. पहिला अर्थात भाग २. भाग ११ शेवटून दुसरा. वर शेरा असा की २ मध्ये नाव ठेवायला जागाच नाही. डोकंच फिरलं. नाव ठेवायला जागा नाही? मग खलनायक डॉ. वायलीच्या किल्ल्यातल्या चौथ्या लेव्हलच्या शेवटची ती खोली काय आहे?

ज्यांनी खेळलंय त्यांना सांगायला नको, तरी सांगते. खोलीत ५ तोफा आणि वाट अडवणाऱ्या भिंती. तोफा फुटतात फक्त क्रॅश बॉम्बने, म्हणजे बॉसला हरवून मिळणाऱ्या हत्यारांपैकी एकाने. त्याच्या शक्तीची पट्टी २८ घरांची, एका बॉम्बला ४ घरं, म्हणजे मोजून ७ बॉम्ब. ५ तोफांचे, उरले २. भिंतींवर तिसरा बॉम्ब टाकलात की तुम्ही हरलात, फक्त ते कळायला अजून मिनिटभर लागतं. बाकीच्या भिंती आयटम १ नावाच्या साधनाच्या तरंगत्या फळ्यांवरून ओलांडायच्या. आणि मेलात तर पट्टी भरून मिळत नाही! वाटेतल्या शत्रूंना परत परत मारून शक्तीच्या गोळ्या जमवा, नाहीतर उरलेले जीव मुद्दाम घालवा आणि गेम ओव्हर होऊन लेव्हल पहिल्यापासून खेळा. मी पहिल्यांदा तिथे ६ बॉम्ब घेऊन पोचले होते. सहा. शेवटची तोफ शाबूत आणि माझ्या हातात काही नाही.

संगीत भारी आहे, मान्य. पण २ चं निम्मं कौतुक मेटल ब्लेड या हत्याराचं आहे, आणि तोच त्याचा दोष. आठही दिशांना जातं, ४ पाती फेकली की कुठे १ घर कमी होतं, म्हणजे भरलेल्या पट्टीत ११२ पाती. मग बाकीची हत्यारं काढायचीच कशाला? जिथे काढायला लावलीत तिथे सक्ती. शेवटचा बॉस, एलियन, बबल लीड या हत्यारानेच मरतो. बबल संपले की संपलं. क्विक मॅन या बॉसच्या लेव्हलमधले प्राणघातक किरण वेळ थांबवणाऱ्या टाइम स्टॉपरने थांबवायचे, तर तो एकदा सुरू केला की पट्टी रिकामी होईपर्यंत बंद करता येत नाही. आणि तोच क्विक मॅनचा जवळपास अर्धा जीव घेणारा. किरणांवर उडवायचा की बॉसवर? हा मात्र चांगला पेच आहे, हे कबूल करावं लागतं.

माझ्या यादीत पहिला ९. २००८ चा. स्लाइड (जमिनीवरून घसरत जाणं) काढून टाकली, चार्ज शॉट (बटण दाबून धरून मारायची मोठी गोळी) काढून टाकला, तरी हात बांधल्यासारखं वाटत नाही, कारण एका हत्याराची दोन-दोन कामं. काँक्रीट शॉट भिंतीवर मारला की उभं राहायला ठोकळा तयार. टॉर्नेडो ब्लो पडदा साफ करतो आणि तेवढ्यात उडीही उंच जाते. हॉर्नेट चेझरच्या माश्या लांब पडलेल्या वस्तू उचलून आणतात. इथे मेनू उघडायला मजा येते, त्या खोलीसारखी धडकी भरत नाही. काटे फार आहेत, हो. दुकानातून काट्यांपासून एकदा वाचवणारी वस्तू घ्या आणि गप्प खेळा.

दुसरा ३. टॉप स्पिन हे गरगर फिरायचं हत्यार हवेतच चालतं, आणि पट्टी कधी भसकन खाली येईल सांगता येत नाही, म्हणून सगळे त्याला हसतात. पण शेवटच्या बॉसच्या, गामाच्या, दुसऱ्या रूपाला त्याचा एकच फटका पुरतो, हे किती जणांना माहीत असतं? जुन्या बॉसची हत्यारं वापरणाऱ्या डॉक रोबॉटच्या चार लेव्हल लांबवल्यात, गेम मध्येच रेंगाळतोही. पण स्लाइड इथे आली आणि एकदा अंगवळणी पडली की २ मध्ये परत गेल्यावर पाय बांधल्यासारखे वाटतात. १९९० मध्ये हे केलंय त्यांनी.

तिसरा ११. होय, तोच शेवटून दुसरा. स्पीड गिअरने वेळ मंदावतो, पण मीटर पूर्ण भरू दिला तर तापून बंद पडतो. म्हणून भरायच्या आत सोडायचा आणि परत धरायचा. हे न शिकता टॉर्च मॅनच्या लेव्हलमधली मागे लागणारी आगीची भिंत पार करायला गेलात तर मरणारच. मग म्हणायचं गेम वाईट! उजव्या स्टिकवर हत्यार बदलता येतं, हे तरी करून बघितलंत का?

२ चौथा. बस.

मधले पटकन. ४ मध्ये चार्ज शॉट आला आणि हत्यारांची गरजच कमी झाली. टोड मॅन या बॉसला तर नुसत्या गोळ्या मारत राहा, तो उड्या मारत राहतो, खालून स्लाइड करा, पावसाचा हल्ला बघायलाही मिळत नाही. १० बरा. ६ मध्ये चार लेव्हलमध्ये दुसरी वाट शोधून बीट या मदतनीस पक्ष्याचे तुकडे जमवायचे, ते मला आवडतं. ५ सोपा, पण ग्रॅव्हिटी मॅनची उलटी लेव्हल सुंदर. ७ मध्ये मेगा मॅन एवढा मोठा काढलाय की समोरचं उशिरा दिसतं. ८ मध्ये जीव भरून देणारे ई-टँक नाहीत आणि स्नोबोर्डवर ते "जंप जंप, स्लाइड स्लाइड" ओरडणं. शेवटचा.

१ कुठे ठेवायचा? पासवर्ड नाही, फटका बसल्यावर शरीर लुकलुकत असतानाही काट्यावर पडलात की मृत्यू. कागदावर तो दहावाही नाही. पण १९८७ च्या त्या सहा बॉसना शेवटच्या रांगेत टाकताना हात अडखळतो. सहावा. भांडू नका.

आणि आता, एवढं लिहून झाल्यावर, २ च लावलाय. चौथ्या लेव्हलमध्ये आहे. या वेळी वाटेत एकही क्रॅश बॉम्ब टाकलेला नाही, मेनू उघडून मोजलं, २८ घरं आहेत. दरवाजा समोर आहे.