कोपऱ्यातलं नाव

दुपारी आलेल्या एका फोनने डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लिहायला बसले. लांबेल, आधीच सांगते.

इगतपुरीकडे सेकंड होमचा प्रोजेक्ट करणाऱ्या एका बिल्डरच्या ऑफिसमधून फोन होता. बोलणारा मुलगा नम्र होता, त्याच्यावर राग नाही. त्याला माझा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरचा इंद्रवज्राचा, म्हणजे धुक्यात उमटणाऱ्या गोल इंद्रधनुष्याचा, फोटो हवा होता. ब्रोशरच्या कव्हरला, वेबसाइटला आणि हायवेवरच्या होर्डिंगला. मी विचारलं, किती दिवसांसाठी आणि बजेट काय आहे? तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "मॅडम, तसं बजेट नाहीये, पण कोपऱ्यात तुमचं नाव देऊ ना. एक्स्पोजर मिळेल तुम्हाला." मी नाही म्हटल्यावर त्याच्या साहेबांनी फोन घेतला. "अहो, निसर्गाचा फोटो आहे. निसर्ग काय तुमच्या मालकीचा आहे का?"

नाही साहेब, माझ्या मालकीचा नाही. तुमच्याही नाही. तरी ज्या फ्लॅटच्या गॅलरीतून डोंगर दिसतो त्याचा भाव तुम्ही जास्त लावता आणि ज्यातून पार्किंग दिसतं त्याचा कमी. डोंगर नुसता दिसण्याचे पैसे तुम्ही लोकांकडून घेणार, आणि तो डोंगर ज्या दिवशी, ज्या उजेडात लोकांनी थांबून बघावा असा दिसला तो क्षण पकडणारीने मात्र एक्स्पोजरवर समाधान मानायचं. एक्स्पोजरने पेट्रोल भरता येत नाही हो.

तो फोटो कसा मिळाला ते सांगते.

भाद्रपद होता. आदल्या रात्री गडाच्या पायथ्याशी पाचनईत मामांच्या पडवीत झोपले होते. मामा तिथलेच, महादेव कोळी समाजाचे, गडावर वाट दाखवायला येतात. रात्रभर पाऊस कोसळत होता. पहाटे उठून बघते तर समोरचं झाड दिसेना एवढं धुकं. मी म्हटलं, मामा, राहू दे आज, वर जाऊन काय दिसणार? मामा अंगणात उतरले, थोडा वेळ नुसते उभे राहिले आणि म्हणाले, "वारं पडलंय ताई. ढग आज वर चढत नाही, खालीच बसंल. ऊन यायच्या आत कड्यावर पोचायला पायजे." माझ्या मोबाइलमध्ये हवामानाची सगळी ॲप होती, आणि सगळी पाऊस दाखवत होती.

गेलो. उजाडता उजाडता कोकणकड्यावर होतो आणि खाली कोकण नव्हतंच, नुसता पांढरा कापूस. मग पाठीमागून तारामती शिखराच्या बाजूने ऊन आलं आणि समोर धुक्यात ते कडं उमटलं. पूर्ण गोल, बाहेरून तांबूस, आत निळसर, मधोमध माझ्या डोक्याची सावली. इंद्रवज्रात ज्याचं त्याला कडं दिसतं, प्रत्येकाला स्वतःच्याच डोक्याभोवती. सूर्य पाठीशी आणि धुकं समोर असावं लागतं. ऊन जसं वर चढतं तसं कडं खाली खाली बुडत जातं. म्हणजे हातात वेळ मिनिटांचाच.

ज्यांना वाटतं की तिथे जो उभा असेल त्याला हा फोटो मिळाला असता, त्यांच्यासाठी थोडं तंत्र. कोकणकडा म्हटला की सगळे वाइड लेन्स लावतात. वाइडमध्ये इंद्रवज्र फ्रेमच्या मध्यात टिकलीएवढं येतं. मी ७०-२०० लावली होती, लांबचं जवळ ओढणारी लेन्स. समोर एवढं पांढरं असलं की कॅमेऱ्याचा मीटर फसतो, सगळं राखाडी करून टाकतो, म्हणून कॅमेऱ्याचं एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, दीड स्टॉप वर. लेन्सच्या काचेवर सारखं दव धरत होतं. ट्रायपॉड अगदी बुटका केलेला, त्याच्या मधल्या हुकाला दगड भरलेली पिशवी. आणि मी कड्याच्या काठाशी बसलेली, माझ्या पाठीवरच्या सॅकचा पट्टा मागून मामांनी हाताला गुंडाळून धरलेला. दुसऱ्या हाताने घोंगडीचं टोक लेन्सवर धरायचे, मी हूं म्हटलं की बाजूला घ्यायचे. या पठ्ठ्याने आयुष्यात कॅमेरा हातात घेतलेला नाही. पण शटर दाबायच्या आधी मी श्वास रोखते हे त्याला दुसऱ्या फ्रेमलाच कळलं होतं.

आता सांगा, कोपऱ्यात नाव देणार म्हणजे नक्की काय देणार?

हे नाव द्यायचं जे सगळे उपकारासारखं सांगतात ना, ते नाव आधीपासून माझंच आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५७ आहे. फोटोचे सगळे हक्क मी विकून टाकले तरी तो मी काढलाय हे सांगायचा हक्क माझ्याकडेच राहतो. म्हणजे जे माझं आहे तेच मला मोबदला म्हणून देताय. आणि कॉपीराइटसाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. फोटो काढला त्या क्षणी तो लागू होतो आणि फोटो काढणाऱ्याच्या आयुष्यभर आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. "गूगलवर होता, घेतला" हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता चिडायचाही कंटाळा येतो. रस्त्यावर लावलेली गाडी दिसते म्हणून कुणी घेऊन जात नाही.

आमच्यातल्या नव्या मुलामुलींसाठी त्याच कायद्यातली दुसरी बाजू, ही कुणी सांगत नाही. कलम १७. एखाद्या रिसॉर्टने पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतले आणि कागदावर वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक तो रिसॉर्ट, तुम्ही नाही. तुम्ही दोन दिवसांचं शूट समजून गेलात आणि त्यांच्याकडे ते फोटो कायमचे गेले. पुढे तेच फोटो आणखी कुठे छापून आले तर तुम्ही कपाळावर हात मारून बसा. म्हणून आधी कागद. मैत्रीत असलं तरी कागद.

कुणीतरी खाली लिहिणारच की खरा कलाकार पैशाचा विचार करत नाही. अन्सेल ॲडम्स माहीत आहेत ना? लँडस्केप म्हटलं की ज्यांचं नाव पहिलं निघतं ते अमेरिकी फोटोग्राफर. न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा त्यांचा १९४१चा फोटो जगभर गेला. त्या प्रवासाला ते निघाले होते अमेरिकी सरकारच्या एका खात्याच्या कामावर, आणि जोडीला एका पोटॅश कंपनीचं काम होतं. कितीतरी वर्षं त्यांचं घर अशा जाहिरातीच्या आणि कंपन्यांच्या कामांवर चाललं. पैसे मागितले म्हणून त्यांचा चंद्र काही फिका पडला नाही.

आमच्याकडे मात्र "हौस आहे ना तुमची" म्हटलं की विषय संपतो. हौस आहेच. हौस नसती तर पावसाळ्यात सह्याद्रीत कॅमेरा घेऊन कोण जातं? त्या भाद्रपदानंतर त्याच ७०-२०० लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशी आली. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे, टॉर्च मारल्याशिवाय दिसत नाहीत, पण उन्हाकडे लेन्स धरली की सगळा फोटो दुधाळ. मुंबईला पाठवून उघडून साफ करून घेतली. तो खर्च, सिलिका जेलचे डबे, दोन-दोन हार्ड डिस्कवर कॉपी, सॉफ्टवेअरचं दरमहा भाडं, पेट्रोल, मामांचे पैसे. आणि चार वेळा जाऊन नुसतं धुकं बघून परत येणं. तेही त्या फोटोच्या किमतीत येतं, कारण रिकामे परत आल्याशिवाय तो एक दिवस सापडत नाही. त्यात जे पैसे देतात तेसुद्धा "मार्चएंड झाला की बघू" म्हणतात. कुठला मार्च, ते सांगत नाहीत.

आता कबूल करायचं ते करते. आजचे फोन फार चांगले फोटो काढतात, खरं आहे. तयार फोटो विकणाऱ्या स्टॉक साइटवर डोंगराचा फोटो चहाच्या पैशात मिळतो, आणि आता तर चार शब्द लिहिले की एआय धुकं, कडा, इंद्रधनुष्य सगळं करून देतं. मग त्या साहेबांनी ते का नाही घेतलं? कारण त्यांना विकायची आहे ती इथली जागा. ग्राहकाला हा आपला सह्याद्री आहे, कोकणकडा आहे असं वाटायला हवंय. ती ओळख खऱ्या फोटोतून येते. आणि खरं हवं असेल तर खऱ्याचे पैसे पडतात.

हेही सांगते की फुकट कधीच देत नाही असं नाही. दुर्गसंवर्धनाचं काम करणाऱ्या पोरांना, शाळेच्या भिंतीला, वनस्पतींवर काम करणाऱ्या अभ्यासकांना मी मागितल्या दिवशी फाइल पाठवते. एका दिवाळी अंकाने मुखपृष्ठासाठी विचारलं होतं. मानधन थोडंच होतं, पण संपादकांनी स्वतः फोन केला, रंग कसे छापून येतील ते दाखवायला प्रूफ पाठवलं, आणि अंकाबरोबर चेक. अशा माणसांसाठी मी पुन्हा पाचनईला जाईन.

राग आपल्याच लोकांवरही आहे आणि तोही आज लिहून टाकते. वर्कशॉपच्या नावाखाली गाड्या भरभरून माणसं कड्यावर नेणारे, प्रत्येकाकडून हजारोंनी फी घेणारे, पण गावातला एक वाटाड्या बरोबर घेत नाहीत. "रूट जीपीएसवर आहे" म्हणतात. जीपीएस वाट दाखवतं, वारं पडलंय हे सांगत नाही. पाय घसरला तर मागून पट्टा धरत नाही. आणि कासला फुलांत लोळून फोटो काढणाऱ्यांबद्दल तर मी लिहीतच नाही, रक्तदाब वाढतो. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते हो. एका कव्हर फोटोसाठी तिच्यावर आडवं पडायचं?

कर्नल साइक्स म्हणून एक इंग्रज अधिकारी होता. हरिश्चंद्रगडावरच्या या गोल इंद्रधनुष्याबद्दल त्याने लिहिलं आणि ते १८३५ मध्ये छापून आलं. आजही इंद्रवज्र म्हटलं की लोक त्याचं नाव सांगतात. पण त्याच्या आधी मामांच्या आज्या-पणज्यांनी गुरं चारताना ते पाहिलंच असणार ना? त्यांची नावं कुठल्याच कोपऱ्यात नाहीत. मघाशी साहेबांनी फोन ठेवल्यावर मला स्वतःच्या पैशांपेक्षा हेच जास्त लागलं.

तो फोटो पहिल्यांदा विकला गेला तेव्हा मी वाटाड्याचे ठरलेले पैसे सोडून वेगळा हिस्सा घेऊन पाचनईला गेले. मामा घेईनात. "फोटू तुम्ही काढला ताई, म्या काय केलं?" मामी आतून म्हणाल्या, "घ्या की, पोरगी एवढ्या लांबून आलीया." घेतले. देवळीत ठेवले, मग मला पिठलं-भाकरी वाढली. तेव्हापासून तो फोटो जिथे जाईल तिथला हिस्सा त्या घरी जातो. त्यामुळे आता दर ठरवताना मला घासाघीस जमत नाही. माझ्यापुरतं मी एखादवेळ सोडेन, मामांचं सोडायचा मला अधिकार नाही.

तुमच्यापैकी कितीतरी जण सुंदर फोटो काढतात, मी रोज बघते. कुणी नाव देऊ म्हणालं तर त्याला दर सांगा. लाजू नका. फोटो विकणं म्हणजे वापरायची परवानगी देणं, एवढं डोक्यात ठेवा. कुठे वापरणार, किती काळ, किती मोठा, हे लिहून घ्या आणि निम्मे पैसे आधी घ्या. माझ्याकडे परवानगीच्या कागदाचा मराठी मसुदा आहे, एका वकील मैत्रिणीकडून तपासून घेतलेला, एकच पान. हवा असेल त्यांनी मेसेज करा, आज रात्रीच पाठवते. ग्राहकाचं नाव, मुदत आणि रक्कम एवढं तुम्ही भरायचं, आणि वाटाड्याच्या हिश्श्याची ओळ मी त्यात आधीच घातलेली आहे.