गुलमर्गला जाऊन पुरणपोळी कशाला?

सकाळपासून डोकं तापलंय. आमच्या सोसायटीची जानेवारीत काश्मीर ट्रिप ठरतेय. आज ग्रुपवर टूरवाल्यांची जाहिरात आली, "गुलमर्गच्या बर्फात गरमागरम पुरणपोळी, सोबत आपला मराठी आचारी!" खाली चाळीस बदाम. एक काकू लिहितात, "बरं झालं बाई, तिथे खायला काही मिळत नाही."

काही मिळत नाही? अहो, माणसं राहतात तिथे. पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि रोज दोन वेळा जेवतात!

सहा वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी आईला घेऊन गुलमर्गला गेले होते. वाऱ्यामुळे गोंडोला, म्हणजे डोंगरावर नेणारा रोपवे, बंद. अफरवटचा वरचा टप्पा राहू दे, खालच्या कोंगडोरीपर्यंतही कोणाला सोडेनात. हॉटेलच्या मेनूकार्डावर पनीर बटर मसाला, नूडल्स आणि मॅगी. आई दोन दिवस तेच खाऊन कंटाळली होती. आम्हाला स्की शिकवणारा मुलगा खाली तंगमर्गचा. तो म्हणाला, "माजी, घर चलिए, खाना खाइए." तेरा किलोमीटर घाट उतरून आम्ही त्याच्या घरी गेलो.

भात, राजमा आणि सलगम एकत्र शिजवलेली राजमा-गोगजी, मोहरीच्या तेलातलं हाख. बस, एवढंच. हाख म्हणजे साधी पालेभाजी, पाणीदार, वर अख्खी हिरवी मिरची. आई तीनदा भात घेऊन जेवली. जी आई लग्नाच्या पंगतीतही अर्ध्या पोळीवर उठते, ती.

हो, मान्य, बरोबर लहान मुलं असतात, कोणाला मधुमेह असतो, एखाद्या वेळी वरणभात लागतोच. पण आठही दिवस? कांदा-लसूण चालत नाही म्हणणाऱ्यांनी तर बोलूच नये. काश्मिरी पंडितांचा स्वयंपाकच मुळी कांदा-लसणाशिवायचा. हिंग, बडीशेप आणि सुंठेवर त्यांची दम ओलव, म्हणजे बटाट्याची भाजी, होते, दह्यातली नदरू यखनी होते. नदरू म्हणजे कमळाचा देठ, तळ्यातून काढलेला. तो मुंबईत कुठे खाणार आहात?

आणि मटण खाणाऱ्यांचं मला जास्त वाईट वाटतं. पांढरा रस्सा कुठला चांगला यावर तासभर भांडणारी माणसं भर थंडीत श्रीनगरात उतरतात आणि हरिसा न खाता परत येतात! मटण आणि तांदूळ रात्रभर मंद आचेवर, जमिनीत पुरलेल्या हंड्यात घोटतात. जुन्या शहरातल्या दुकानांत पहाटे माणसं त्यासाठी थांबलेली असतात. वर कडकडीत तेल ओततात, सोबत कांदूरकडची, म्हणजे तिथल्या भट्टीवाल्याकडची ताजी रोटी. थोडा उशीर केलात तर हंडा रिकामा. आपली बस तेव्हा हॉटेलच्या दारात उभी असते, आत उपमा चाललेला असतो.

चिडून लिहितेय, कळतंय मला. पण परत परत तेच तंगमर्गचं घर डोळ्यांसमोर येतं.

जेवणानंतर नून चाय, म्हणजे तिथला मिठाचा चहा, आला. गुलाबी. आईला वाटलं चुकून मीठ पडलंय. मग त्या मुलाच्या आईने स्वयंपाकघरात नेऊन दाखवलं, पानं चिमूटभर सोडा घालून किती वेळ उकळायची, पळीने वर-खाली करत रंग कसा आणायचा, दूध कधी घालायचं. तिथे खिडकीशी दोऱ्यात ओवलेल्या माळा टांगल्या होत्या. आईने एक हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाली, "अगं, हा तर दुधी!"

अल हाची. दुधी चिरून उन्हात वाळवलेला. शेजारी वांग्याची माळ, टोमॅटोची माळ. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, म्हणजे सगळ्यात कडाक्याची थंडी, बर्फाने रस्ते बंद, भाजी येणार कुठून? म्हणून उन्हाळ्यातच ही बेगमी. आता बाजारात वर्षभर ताजी भाजी मिळते, तरी घरोघरी माळा लागतातच.

आई मराठीत सांगत होती, आमच्याकडे कराडला सांडगे घालतात, गवार वाळवतात, पावसाळ्यात उपयोगी पडते. ती बाई काश्मिरीत बोलत होती. दोघी एकमेकींच्या हातातली माळ चाचपत होत्या. निघताना आईने पर्समधली सांडगी मिरचीची पुडी तिच्या हातात ठेवली. (आई कुठेही गेली तरी ती पुडी असतेच.) तिने अख्खी माळ कागदात गुंडाळून दिली. घरी येऊन आईने तो दुधी भिजवून हरभऱ्याच्या डाळीत शिजवला, नि दुसऱ्या दिवशी शेजारी वाटीभर पाठवलासुद्धा.

तिथल्या हॉटेलांना तरी काय बोलायचं? आपण पनीर मागतो, ते पनीर रांधतात. आपणच हाख मागितलं तर घरचं हाख कोण करून घालणार नाही?

ग्रुपवर मी एवढंच लिहिलंय, आचारी घ्या हवा तर, पण एका दुपारी तंगमर्गला कोणाच्या तरी घरी जेवू, पैसे देऊन, आधी सांगून. अजून एकही उत्तर आलेलं नाही. आईला फोनवर सांगितलं. तिने ट्रिपचं काही विचारलंच नाही. म्हणाली, "जाशील तेव्हा मिरचीच्या दोन पुड्या ने. आणि वांग्याची माळ मिळाली तर बघ, गेल्या वेळी मागायची राहिली."