नायसियाच्या सभेत बायबल ठरलं नव्हतं

नाताळ जवळ आला की एक मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो. त्याचं सार असं: "इ.स. ३२५ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने नायसियाला तीनशे बिशप जमवले. समोर ऐंशी शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या जीवनाची आणि शिकवणीची पुस्तकं, होती. मतदान घेऊन चार ठेवली, बाकीची जाळून टाकली. त्याच मतदानाने येशूला देव ठरवलं. मूळ मजकूर बदलून आजचं बायबल तयार केलं."

हा मेसेज मला ज्यांनी पाठवला ती चांगली वाचणारी माणसं आहेत, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. येशूवर विश्वास ठेवावा की नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न. मला ओढ आहे ती जुने ग्रंथ हातोहात कसे टिकले याची, आणि ती सगळी हकिकत या चार ओळींत पुसली जाते.

सभा झाली, हे खरं. तुर्कस्तानातलं आजचं इझनिक म्हणजे तेव्हाचं नायसिया, आणि निमंत्रण सम्राटाचंच होतं. परंपरा ३१८ बिशप सांगते. स्वतः हजर असलेला इतिहासकार युसेबियस अडीचशेहून जास्त म्हणतो. त्यांच्यापुढे विषय होते अलेक्झांड्रियाच्या आरियसची शिकवण (येशू हा पुत्र देवपित्याने निर्माण केलेला, अशी), ईस्टरची तारीख, इजिप्तच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, पडलेली फूट आणि पाळकांची शिस्त. सभेने केलेले वीस नियम आजही वाचायला मिळतात. व्याजबट्टा करणाऱ्या पाळकाचं काय करायचं, छळाच्या काळात ज्यांनी श्रद्धा नाकारली त्यांना परत कसं घ्यायचं, अगदी रविवारी प्रार्थनेत गुडघे टेकू नयेत इथपर्यंत. कोणती पुस्तकं पवित्र शास्त्रात घ्यायची याबद्दल त्यात एकही नियम नाही. पुढे बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने एका प्रस्तावनेत ओझरतं लिहिलंय की यहूदीथचं पुस्तक नायसियाच्या सभेने पवित्र शास्त्रात धरलं असं वाचायला मिळतं. हातात आहे तो एवढा एकच धागा, आणि त्याचा शुभवर्तमानांशी काही संबंध नाही.

मग निवडीची गोष्ट आली कुठून? नवव्या शतकाच्या अखेरीच्या एका ग्रीक इतिवृत्तातून. त्यात म्हटलंय की बिशपांनी सगळी पुस्तकं वेदीजवळ ठेवून प्रार्थना केली. खरी पुस्तकं वर आली, खोटी खाली गेली. म्हणजे सभेनंतर साडेपाचशे वर्षांनी लिहिलेली चमत्कारकथा. १६०१ मध्ये ती छापली गेली, अठराव्या शतकात व्हॉल्टेअरने चर्चची टर उडवायला वापरली, आणि २००३ च्या एका इंग्रजी रहस्यकादंबरीनंतर कारस्थानाची कथा घराघरात पोचली. वेदीवरचा चमत्कार तेवढा वाटेत गळाला.

नायसियात यादी ठरली असती तर पुढचा वाद झालाच नसता. पण जेरुसलेमचा बिशप सिरिल पंचवीस वर्षांनी नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागाची, यादी देतो आणि त्यात प्रकटीकरण हे आज शेवटी येणारं पुस्तक नाही. चौथ्या शतकातच लिहिलेल्या सिनाई हस्तलिखितात बर्णबाचं पत्र आणि हर्मासचा 'मेंढपाळ' ही दोन जादा पुस्तकं आहेत. आपण आज धरतो ती नेमकी सत्तावीस पुस्तकं पहिल्यांदा एका यादीत दिसतात ती ३६७ मध्ये, अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियसच्या ईस्टरच्या पत्रात. हा माणूस तरुणपणी नायसियाला हजर होता. तरी यादी देताना तो आधार सांगतो तो पूर्वजांकडून चालत आलेल्या परंपरेचा. सुरियानी (सिरियाक) भाषेत उपासना करणाऱ्या मंडळ्यांच्या जुन्या भाषांतरात तर बावीसच पुस्तकं होती, आणि केरळच्या जुन्या ख्रिस्ती मंडळ्यांची परंपरा त्याच भाषांतराची आहे.

आता 'चार ठेवली' याकडे वळू. चार आधीच ठेवलेली होती, आणि ठेवणारा कोणी एक नव्हता. सुमारे १८० मध्ये, आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहरात बसून तिथला बिशप इरेनियस लिहितो की शुभवर्तमानं चारच, कमी नाहीत आणि जास्त नाहीत. दिशा चार आहेत म्हणून, हे त्याचं कारण मला पटत नाही. पण सभेआधी दीडशे वर्षं चार हा आकडा त्याला वादापलीकडचा वाटतो, हे महत्त्वाचं. त्याच सुमारास टेशियन या लेखकाने चारही शुभवर्तमानं एकत्र गुंफून एकच सलग कथा केली.

अशा गुंफणीचा एक तुकडा सीरियात युफ्रेटिसच्या काठी, दुरा-युरोपोस इथे सापडला. माझ्या मते या सगळ्या वादात त्याच्याएवढा बोलका पुरावा दुसरा नाही, म्हणून थोडं थांबतो. दुरा ही रोमन साम्राज्याच्या सीमेवरची छावणी. सुमारे २५६ मध्ये इराणच्या ससानी फौजेने तिला वेढा घातला. तटाला आतून बळकटी यावी म्हणून रोमन सैनिकांनी तटालगतची घरं मातीने बुजवली. त्या भरावात एक ज्यू प्रार्थनामंदिर गाडलं गेलं आणि भिंतींवर चित्रं काढलेलं एक घरही, जिथे ख्रिस्ती लोक जमत असत. शहर पडलं आणि ओस झालं ते कायमचं. १९३३ मध्ये उत्खननात त्याच भरावातून चर्मपत्राचा तळहातावर मावेल एवढा तुकडा निघाला. त्यावर ग्रीक अक्षरांत येशूच्या मृत्यूनंतरचा प्रसंग आहे: लांब उभ्या राहून पाहणाऱ्या स्त्रिया, आणि येशूला कबरीत ठेवणारा अरिमथाईचा योसेफ. वाक्यं जोडलेली आहेत ती मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या शब्दांतून.

इतर जुन्या हस्तलिखितांचा काळ बहुधा अक्षराच्या वळणावरून ठरवावा लागतो, आणि तज्ज्ञांमध्ये पन्नासएक वर्षांचा फरक सहज पडतो. इथे अक्षर बघायचीही गरज नाही. माती पडली तो वेढा ठाऊक आहे. म्हणजे कॉन्स्टंटाइनच्या जन्माआधीच हा तुकडा जमिनीखाली गेला होता, आणि १९३३ पर्यंत कोणत्याही सम्राटाचा हात त्याला लागणं शक्य नव्हतं.

ऐंशी शुभवर्तमानांचं काय? सभेपुढे अशी पुस्तकं मांडल्याची नोंदच नाही, ऐंशी नाहीत आणि आठही नाहीत. इतर शुभवर्तमानं होती, हे मात्र नक्की. इजिप्तमध्ये नाग हम्मादीला १९४५ मध्ये सापडलेल्या कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या जुन्या भाषेतल्या, पोथ्यांत थोमाचं शुभवर्तमान आहे, येशूच्या ११४ वचनांचं. ते मी आवडीने वाचलंय आणि इतरांनीही वाचावं असं मला वाटतं. पण कोणतं पुस्तक मंडळीत वाचायचं याचा झगडा नायसियाच्या आधी सव्वाशे वर्षं गावोगाव चालू होता. अंत्युखियाचा बिशप सेरापियन, दुसऱ्या शतकाच्या अखेरचा. त्याच्या अखत्यारीतल्या ऱ्होसस गावच्या लोकांनी विचारलं, पेत्राचं शुभवर्तमान वाचू का? त्याने पुस्तक न बघताच वाचा म्हणून सांगितलं. मग कुरबुरी कानावर आल्या, तेव्हा प्रत मिळवून स्वतः वाचली आणि पत्र लिहिलं: बरंचसं ठीक आहे, काही भर घातलेली आहे, मी पुन्हा तिकडे येतोय. पुस्तकं अशी ठरत गेली, वाचून, भांडून आणि कधी चुकून.

'येशूला मतदानाने देव ठरवलं.' नायसिया ज्या बिथिनिया प्रांतात आहे, त्याच प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी. सुमारे ११२ मध्ये त्याने सम्राट ट्राजनला कळवलं की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्याआधी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात. हा साक्षीदार ख्रिस्ती नाही. त्यांना शिक्षा देणारा अधिकारी आहे. आरियसही येशूला निव्वळ माणूस म्हणत नव्हता. पुत्र पित्यासारखाच अनादी आहे की पित्याने निर्माण केलेला, असा तो वाद होता. शेवटी सभेने आरियसविरुद्ध निर्णय दिला, आणि त्यावर सह्या नाकारणारे बिशप दोनच उरले. त्यात सम्राटाचा दबाव होता, हे मी नाकारत नाही. पण वाद कशावरून चालला होता ते पाहा. आरियसची बाजू योहानातलं "पिता माझ्यापेक्षा थोर आहे" पुढे करायची, विरोधक त्याच योहानातलं "मी आणि पिता एक आहोत". दोघांच्या हातात पुस्तक एकच होतं. पुस्तकं ठरायची असती तर असं भांडताच आलं नसतं.

मजकुरात फेरफार झाले का? झाले, आणि ते लपवायचं कारण नाही. मार्कच्या शेवटच्या बारा ओव्या सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीत. व्यभिचाराच्या आरोपात धरून आणलेल्या स्त्रीचा योहानातला प्रसंगही त्यांत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रातलं स्वर्गातल्या तीन साक्षींचं वाक्य डच विद्वान इरास्मसने १५१६ आणि १५१९ च्या ग्रीक आवृत्त्यांत घेतलं नव्हतं, १५२२ मध्ये घेतलं. ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले म्हणून एकनाथांना शके १५०६ मध्ये ती शोधून शुद्ध करावी लागली, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हाताने उतरवलेल्या ग्रंथात असं होतं याचं नवल वाटू नये. मात्र हे फेरफार आपल्याला कळतात कसे? प्रती इजिप्त, सीरिया, उत्तर आफ्रिका, इटली अशा विखुरलेल्या होत्या म्हणून, एकीत घुसलेलं वाक्य दुसरीत सापडत नाही म्हणून. कॉन्स्टंटाइनने आपल्या नव्या राजधानीतल्या चर्चसाठी शास्त्राच्या पन्नास प्रती मागवल्या, हे खरंय; पण आधीच्या सगळ्या प्रती गोळा करणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. त्याच्या राज्याबाहेर, इराणात बसून अफ्राहात हा लेखक ३३७ ते ३४५ या काळात टेशियनच्या गुंफणीतून येशूची वचनं देतोय. तिथे रोमचा हुकूम कोण ऐकणार?

राहिलं जाळणं. कॉन्स्टंटाइनने ग्रंथ जाळायचा हुकूम काढला होता, पण आरियसच्या लिखाणाविरुद्ध. लपवून ठेवणाऱ्याला मृत्युदंड होता. ते क्रूर होतं. ख्रिस्ती लोकांचे धर्मग्रंथ साम्राज्यभर सरकारी हुकमाने जाळले गेले ते मात्र नायसियाच्या बावीस वर्षं आधी, ३०३ मध्ये, सम्राट डायोक्लीशनच्या काळात.

उत्तर आफ्रिकेतल्या किर्ता गावच्या तेव्हाच्या झडतीचं सरकारी टिपण आजवर टिकलंय. आज ते गाव अल्जीरियात आहे आणि कॉन्स्टंटाइनच्याच नावाने ओळखलं जातं. गावचा मुख्य अधिकारी फेलिक्स प्रार्थनेच्या घरी येऊन पुस्तकं मागतो. बिशप सांगतो, पुस्तकं वाचकांकडे (प्रार्थनेत शास्त्र वाचून दाखवणाऱ्यांकडे) आहेत. इथे एकच मोठी पोथी मिळते. वाचकांची नावं विचारल्यावर मंडळीतले दोन उपसेवक (पाळकांचे मदतनीस) म्हणतात, आम्ही फितूर नाही. हे आम्ही उभे आहोत, मारायचा हुकूम द्या. मग दारोदार झडती होते: एकाकडून चार पोथ्या, दुसऱ्याकडून पाच, तिसऱ्याकडून आठ. शेवटी कोडिओच्या घरी त्याची बायको सहा आणून देते. फेलिक्स म्हणतो, आणखी असतील, बघ. ती म्हणते, नाहीत. तो सरकारी गुलामाला आत पाठवतो. गुलाम बाहेर येऊन सांगतो, शोधलं, काही सापडलं नाही.