पोट भरल्यावरच? हे पटलं नाही

‘आधी अन्न, निवारा, सुरक्षितता, स्वतःच्या क्षमतेचा शोध त्यानंतर’ हे माणसाच्या गरजांवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लोच्या नावावर गरजांची ही उतरंड सांगतात खरी, पण १९४३ च्या मूळ लेखात त्यांनी स्वतःच म्हटलंय की हा क्रम इतका ताठर नसतो, काही माणसांत तो उलटाही दिसतो. गरजांच्या पायऱ्या दाखवणारा तो प्रसिद्ध त्रिकोणही मास्लोच्या त्या लेखात नाही.

माझे वडील परळच्या एका कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पगार थांबला. आई पीठ मोजून मळायची. तरी भजनाच्या दिवशी एका चपातीची कणीक बाजूला निघायचीच, पखवाजाच्या डाव्या पुडीला लावायला, आवाज घुमावा म्हणून. बाबांचा हात खरा बसला तो याच काळात. एरवी पाळ्यांमुळे रियाजाला वेळ कुठला? डोळे मिटून वाजवणारे ते बाबा मी गिरणीच्या दिवसांत कधीच पाहिले नव्हते. ती एक चपाती कमी पडायची ती आईच्या ताटात. अशा माणसांबद्दल तुमच्या लेखात एक ओळही नसावी, याचं वाईट वाटलं.